समक्ष

“बोलायचं तेवढं समदं बोललो,” भागूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझा कागद दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. “सही तेवढी नको.”

मी तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. “अहो, सही म्हणजे तुम्ही स्वखुशीनं माझ्याशी बोललात एवढंच. तुमचं नाव कुठं येणार नाही. उद्या वाटलं, नको, तर तुम्ही केव्हाही माघार घेऊ शकता. तसं लिहिलंयच यात.”

“ते तुमी म्हनतासा.”

“मी नाही म्हणत, कागदावर आहे. थांबा, वाचून दाखवते.”

“तुमी वाचतासा त्येच त्यात हाय का न्हाई, ते आमाला कसं कळावं?”

रेकॉर्डरमध्ये त्यांचं दोन तासांचं बोलणं साठलं होतं आणि सहीशिवाय त्यातलं एक वाक्यही मला वापरता येणार नव्हतं. भागूबाई उठल्या, आत जाऊन ताकाचा तांब्या घेऊन आल्या. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, निदान दिसत तरी नव्हता. उन्हातून चढून आलेल्या माणसाला द्यायचं तसं त्यांनी मला ताक दिलं, आणि कागद पाटावर तसाच पडून राहिला.

खुटाळीच्या धनगरवाड्यावरची ही माझी चौथी मुलाखत. आधीच्या तिघांनीही असंच केलं होतं. बोलले भरभरून, सहीला नाही म्हणाले.

त्याला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. जिल्हा परिषदेच्या शाळांत दहा वर्षं शिकवल्यावर अभ्यासरजा घेऊन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय शिक्षण या विषयात एम. ए. करायला गेले होते. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आमच्या तालुक्यात माझा सत्कार झाला होता. नारळ, शाल, ‘भोपळेबाई साता समुद्रापार’ असा फलक. वर्गात आम्ही तेवीस जण होतो, चौदा देशांतले. कुणी निर्वासितांच्या छावणीतल्या शाळांवर काम करत होतं, कुणी परीक्षापद्धतींवर. मी विषय घेतला होता तो आमच्याकडचा: पट कमी म्हणून वाड्यावस्त्यांवरच्या शाळा बंद झाल्या, त्यांतल्या मुलांचं पुढं काय झालं.

विषय सगळ्यांना आवडला. अडलं ते पुढं. माणसांशी बोलून करायच्या अभ्यासाला विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. मी फेब्रुवारीत अर्ज केला. तो तीनदा परत आला. एकदा त्यांना माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर हवं होतं. मग त्या भाषांतराचं पुन्हा इंग्रजी करून हवं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, मुलाखतीत एखाद्या सहभागी व्यक्तीला मानसिक त्रास झाल्यास जवळच्या समुपदेशन केंद्राचं नाव आणि अंतर किती? खुटाळीपासून आरोग्य उपकेंद्र चौदा किलोमीटरवर होतं आणि तिथली नर्स आठवड्यातून दोनदा यायची. मी तसंच लिहिलं. परवानगी आली ती मेच्या मध्यावर. परतीचं तिकीट अकरा जूनचं. प्रबंध सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा. म्हणजे हातात तीन आठवडे.

मी माहेरी, तालुक्याच्या गावी उतरले होते. रोज सकाळी वडाप जीपनं वारगावच्या फाट्यापर्यंत यायचं आणि तिथून चार किलोमीटर जंगलातून चढून वर जायचं. नऊ घरं. म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी. शाळेची एक खोली होती, तिला चार वर्षांपूर्वी कुलूप लागलं होतं. मुलांची नावं वारगावच्या मोठ्या शाळेत घातली होती. मी चढून यायचे त्याच वाटेनं त्यांनी रोज उतरायचं होतं.

भागूबाई येडगे पंचेचाळिशीच्या असतील. त्यांच्या मुलीबद्दल, मंजुळाबद्दल, त्या जे बोलल्या ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. पहिल्या सोमवारी वाड्यावरची सात पोरं दप्तरं घेऊन निघाली. अर्ध्या वाटेवर गवा उभा. पोरं झाडाआड थांबली. तासभर गवा हलला नाही. मग ती परत आली. वारगावात त्यांची गैरहजेरी लागली. पुढं कुणीतरी मोठं माणूस सोबत जायला लागलं, पण माणूस पोरांना सोडायला गेलं तर म्हशी कुणी सोडायच्या? दिवाळीपर्यंत तीन पोरं उरली. मंजुळा चौथीत होती, वर्गात पहिली. गव्याच्या जागी आलं की तिला चड्डीत लघवी व्हायची. एकदा वारगावच्या वर्गातल्या मुलींनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं दप्तर उचललं नाही.

हे सगळं त्या सांगत होत्या तेव्हा मंजुळा समोरच गोठ्याच्या दाराशी शेण भरत होती. सहीची गोष्ट निघाली तेव्हा तिनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

दुपारी वाड्याच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, गेले. तिथं मोबाईलला रेंज यायची. माझ्या मार्गदर्शक डॉ. हेलन ऑर्मरॉड यांना फोन लावला. तिकडे सकाळ होती.

“सही देत नाहीत,” मी म्हणाले. “बोलायला एका पायावर तयार आहेत. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट सांगतात की आम्ही राजीखुशीनं बोलतोय. एवढं पुरत नाही का?”

“पुरू शकतं,” हेलन म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा शांत होता. “तोंडी संमतीची तरतूद आहे. पण तुझ्या अर्जात तू लेखी म्हटलं आहेस. बदल करायचा तर नवा अर्ज लागेल. समितीची बैठक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात.”

“तोवर मी परत आलेली असेन.”

“मला कळतंय. आणि मंजुरीच्या आधी घेतलेल्या मुलाखती त्यात धरता येणार नाहीत.”

“हेलन, नियम या माणसांच्या भल्यासाठीच आहे ना? त्यांना बोलायचंय. नियमामुळे त्यांचं बोलणं कुणापर्यंत जाणार नाही.”

पलीकडून हेलननी विचारलं, “ते सही का देत नाहीत, हे विचारलंस का?”

मला त्या प्रश्नाचा रागच आला. सात हजार किलोमीटरवर बसून विचारायला काय जातं. पण संध्याकाळी उतरताना वाटलं, खरंच, विचारलं नाही. मी फक्त समजावत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी विचारलं. भागूबाईंचे थोरले दीर बिरूदादा अंगणात दोरी वळत बसले होते. वाड्यावर शेवटचा शब्द त्यांचा असे. ते म्हणाले, “मागं येकदा दिली हुती सही. हापिसची मान्सं आल्ती. शाळंला काय काय पायजे, लिवून घेतो म्हनाली. आमी म्हनलं, पान्याची टाकी द्या, पत्रं गळत्यात ते बगा. सह्या घेतल्या, अंगठं घेतलं. सा म्हयन्यानं कुलूप आलं. इचारलं तर म्हनाली, तुमीच लिवून दिलासा की, शाळा नको म्हनून.”

“असं कसं होईल? तुम्ही टाकी मागितली आणि कागदावर दुसरंच?”

“आता ते आमाला काय ठावं, बाई.” त्यांनी दोरीवरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं, असं तेव्हाही वाटलं होतं. “तुमी हापिसात वळकीच्या. बगा की काय हाय त्ये.”

भागूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

मला एकदम हुरूप आला. हे प्रबंधाचं खरं प्रकरण होतं. खोट्या संमतीवर बंद झालेली शाळा. तो कागद सापडला तर माझ्या कामाला कणा मिळेल आणि लोकांचा विश्वासही बसेल. तरीही पुढच्या आठवडाभर मी मुलाखतीच संपवत राहिले, कारण दिवस कमी होते. नऊ घरांतल्या चौदा माणसांशी बोलले. चौदा रेकॉर्डिंग, सही एकही नाही. मग एका गुरुवारी तालुक्याच्या कचेरीत गेले.

शिक्षण विभागातले सुतार अण्णा जुने कारकून. त्यांच्या हाताखालून तालुक्यातल्या दोन पिढ्यांच्या शिक्षकांची सेवापुस्तकं गेली होती. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, इंग्लंडात थंडी किती असते ते विचारलं. मी अडचण सांगितली तशी हसले.

“सह्याच पाहिजेत ना? मग त्याला एवढं काय बाई. तिकडं इंग्लंडात कोण ओळखणार आहे खुटाळीच्या धनगरांच्या सह्या? बसा इथंच आणि टाका करून. दोन पेनं वेगळी घ्या.”

“काहीतरीच काय अण्णा.”

“बरं, नका करू. काय बघायचंय?”

“खुटाळीच्या समायोजनाची फाईल.” शाळा बंद करण्याला कचेरीत समायोजन म्हणतात.

अण्णांचा हात कपबशीवर थांबला. “ती कशाला?”

“त्यात पालकांचं संमतीपत्र असेल. ते बघायचंय.”

“तुम्ही?” ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी मान हलवली, उठले आणि मागच्या कपाटातून फाईल काढून आणली. “झेरॉक्स मिळणार नाही. बघून घ्या.”

कागद चौथ्या पानावर होता. वर छापील मजकूर: आम्ही खाली सह्या करणारे पालक लिहून देतो की, वस्तीशाळेत पुरेशा सुविधा नसल्याने आमच्या पाल्यांचे वारगाव येथील शाळेत समायोजन करण्यास आमची हरकत नाही. त्याखाली पट्टीनं आखलेला तक्ता. अनुक्रमांक, पालकाचे नाव, सही किंवा अंगठा. नऊ नावं. बिरू गंगाराम येडगे, अंगठा. भागूबाई सखाराम येडगे, सही, अक्षर न् अक्षर सुटं.

नावांचं अक्षर माझं होतं.

तक्त्याच्या खाली ‘समक्ष’ असा शब्द आणि त्याखाली माझी सही. स्वरूपा भोपळे, साधनव्यक्ती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी माझ्या प्रबंधाच्या आराखड्यातही लिहिली नव्हती. शाळेवर शिकवत असतानाच मधलं एक वर्ष मला तालुक्याच्या कचेरीत साधनव्यक्ती म्हणून घेतलं होतं. शाळांना भेटी द्यायच्या, माहिती गोळा करायची. त्या वर्षी एक सुविधा सर्वेक्षण झालं. पाच दिवसांत अकरा वाड्या. खुटाळी त्यांतली एक. मी तिथं एकदा जाऊन आले होते हे मला आठवत होतं. तिथं प्यायलेलं ताकही आठवत होतं. टाकी आणि पत्र्यांबद्दल मी वेगळ्या वहीत लिहून घेतलं होतं. सह्यांच्या तक्त्याला मथळा काय देऊ, असं मी तेव्हाच्या साहेबांना विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, वर चार बोटं जागा सोडा, कचेरीत टाईप करून घेऊ. मी अकरा कागदांवर चार चार बोटं जागा सोडली. वही मी जमा केली. तिचं काय झालं, विचारलं नाही. पुढं शाळा बंद झाल्याचं कळलं तेव्हा हळहळले, एका शिक्षक बैठकीत त्याविरुद्ध बोललेही. पण त्या शाळा आणि ते कागद यांची गाठ मी मनात कधी घातली नाही. घालायची नव्हती म्हणून घातली नाही, की खरंच सुचलं नाही, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” अण्णांनी हळू विचारलं.

“नाही.”

“बहुतेकांना नव्हतं,” ते म्हणाले आणि फाईल मिटली.

शुक्रवारी मी वाड्यावर गेले नाही. शनिवारीही नाही. घरी बसून ‘संशोधकाचे स्थान’ हे प्रकरण लिहायचा प्रयत्न केला. त्यात संशोधकानं आपण कोण, आपला या लोकांशी संबंध काय ते प्रामाणिकपणे लिहायचं असतं. आधी मी लिहिलं होतं: मी याच तालुक्यातली शिक्षिका असल्याने मला स्थानिक भाषा आणि परिस्थितीची जवळून ओळख आहे. ते वाक्य मी पंधरा वेळा खोडलं आणि त्या जागी दुसरं एकही सुचलं नाही.

रविवारी गेले. बिरूदादा आणि भागूबाई दोघंही होते. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, “तो कागद बघितला. त्या वेळी सह्या घ्यायला मी आले होते. वरचा मजकूर मला माहीत नव्हता. पण कागद मी आणला होता, वर जागा मी सोडली होती, आणि खाली माझी सही आहे.”

बिरूदादांनी भागूबाईंकडे बघितलं.

“ठावं हाय,” भागूबाई म्हणाल्या. “पैल्या दिशीच वळकलं. तवा चष्मा नव्हता तुमाला.”

मी अंगणातच खाली बसले. “मग दोन दोन तास माझ्याशी बोललात कशाला?”

“तुमी इचारलासा म्हनून. तवा कुनी इचारलं नव्हतं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “आन वाटलं, आली हाय तर आपनहून सांगंल. रोज वाट बगत हुतो. तुमी रोज त्यो कागूदच काडत हुतासा.”

मी रडले असते, पण त्यांच्यासमोर रडणं म्हणजे पुन्हा त्यांनाच माझी समजूत घालायला लावणं. बिरूदादांनी दोरी बाजूला ठेवली.

“हे लिवून द्याल का?” ते म्हणाले. “आत्ता बोल्लासा तसंच. सह्या घेतल्या तवा वर काय बी नव्हतं म्हनून. जिल्ह्याच्या सायबास्नी द्यायला.”

मला लगेच हो म्हणता आलं नाही. अभ्यासरजेवर असले तरी मी नोकरीत होते. सप्टेंबरनंतर याच कचेरीत हजर व्हायचं होतं. कार्यालयीन कागदाविरुद्ध लेखी देणं म्हणजे चौकशी, आणि कागदावर सही माझी, म्हणजे चौकशी पहिल्यांदा माझीच. सर्वेक्षणाच्या वेळचे साहेब आता वरच्या पदावर होते.

“विचार करून सांगते,” मी म्हणाले.

“करा की,” बिरूदादा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

माझ्या माहितीपत्रकात सहभागी व्यक्तींना निर्णयासाठी अठ्ठेचाळीस तास द्यावेत, असं एक कलम होतं. समितीनंच ते घालायला लावलं होतं आणि मला ते अगदी अनाठायी वाटलं होतं. मी तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांत मला सह्या न देणाऱ्या माणसाला काय वाटतं ते कळलं. घरी कुणी चहाला हाक मारली तरी मी दचकत होते.

चौथ्या दिवशी मी निवेदन लिहून घेऊन गेले. एक पान, दोन प्रती. वाड्यावरची माणसं बंद शाळेच्या पायरीवर जमली होती. मी पेन काढलं तसं भागूबाई म्हणाल्या, “थांबा. आदी वाचा. समद्यांम्होरं वाचा.”

मी वाचलं. पूर्ण, मोठ्यानं.

“मंजे,” त्यांनी हाक मारली. “हिकडं ये. तू वाच. बाई वाचल्या तसंच हाय का बग.”

मंजुळा पुढं आली. हात ओढणीला पुसून तिनं कागद घेतला. चार वर्षांत तिच्या हाती वाचायला काही आलं नसावं. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत निघाली. ‘मी’ झालं, ‘स्वरूपा’ला अडखळली, ‘लिहून देते की’ सरळ गेलं. ‘समायोजन’ला थांबली. स, मा, यो, एवढं झालं आणि पुढचं जुळेना. तिनं पुन्हा सुरुवात केली. कुणीही मदत केली नाही, कारण जिला करता आली असती अशी तिथं मी एकटीच होते आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती असं मला वाटत होतं. पान संपायला वीस मिनिटं लागली. एकेकाळी वर्गात पहिली आलेली मुलगी ती.

शेवटी तिनं आईकडे बघून मान हलवली. “तसंच हाय.”

मी सही केली. दोन्ही प्रतींवर.

भागूबाईंनी एक प्रत घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “आना आता तुमचा बी कागूद.”

मला नाही म्हणता आलं असतं. माझ्या पिशवीत चौदा संमतीपत्रं होती, तिकीट पाच दिवसांवर होतं. मी ती काढली. मंजुळानं तेही वाचलं, पहिलं पान पूर्ण. मग पाऊण तासात चौदा सह्या आणि अंगठे झाले.

इंग्लंडला परतल्यावर मी हे सगळं हेलनना सांगितलं. सांगायची गरज नव्हती. सह्या खऱ्या होत्या, तारखा परवानगीच्या मुदतीत बसत होत्या, आणि समितीतल्या कुणालाही खुटाळी कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. तरी सांगितलं. आता गप्प बसले तर कागदावर चार बोटं जागा सोडल्यासारखंच होईल, असं तेव्हा वाटलं होतं.

हेलननी खिडकीकडे बघत सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “सह्या तू निवेदन दिल्यावर घेतल्यास?”

“हो.”

“त्याच बैठकीत?”

“हो.”

“स्वरूपा, हे समितीपुढे न्यावं लागेल.”

समितीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. संशोधक अभ्यासविषय असलेल्या घटनेत स्वतः सामील होती आणि तिनं ते अर्जात नमूद केलं नव्हतं. संमती एका लाभाच्या मोबदल्यात दिली गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. मुलाखती वापरू नयेत. ध्वनिमुद्रणं नष्ट करून तसं प्रमाणपत्र सादर करावं. एकही वाक्य चुकीचं नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं. लोकांचं फसवून मिळवलेलं संमतीपत्र चार वर्षं कचेरीत खरं म्हणून पडून होतं आणि त्यांनी स्वतः वाचून, ठरवून दिलेली संमती खोटी ठरली होती. हेलननी माझ्या बाजूनं दोन पत्रं लिहिली. उपयोग झाला नाही. जुलैच्या अखेरीस नवा विषय घेऊन प्रबंध पुरा होणं शक्य नव्हतं. मी विद्यापीठाच्या संगणकावर एकेक फाईल उघडली, नाव बघितलं आणि पुसली. चौदावी, मुद्दाम शेवटी ठेवलेली फाईल भागूबाईंची होती. प्रमाणपत्रावर सही केली. मला एम. ए. मिळालं नाही. प्रबंधाशिवाय जी पदविका देतात ती मिळाली.

परत आले तेव्हा सत्कार झाला नाही, चौकशी सुरू झाली. ती दीड वर्ष चालली. मला ताकीद मिळाली आणि तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला बदली. साहेबांना काही झालं नाही. खुटाळीची फाईल मात्र माझ्या निवेदनामुळे जिल्ह्याला गेली, तिथं अडली, बिरूदादा तीनदा पायी फाट्यावर उतरून जिल्ह्याला जाऊन आले, आणि तिसऱ्या जूनमध्ये शाळेचं कुलूप निघालं. सहा पोरं, एक शिक्षक. मंजुळाला तोवर सोळा पूर्ण झाली होती. ती शाळेत परत गेली नाही.

मी त्या दिवाळीच्या सुट्टीत वर गेले. शाळेच्या भिंतीला नवा चुना दिलेला होता. भागूबाई अंगणात हिरडा निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी सुपाची जागा बदलली आणि बाजूला पोतं अंथरलं.

“तुजी ती परीक्षा झाली का पास?” त्यांनी विचारलं. अहोजाहो कधी गेलं होतं ते मला कळलं नाही.

“नाही.”

“का गं?”

मी सांगितलं. सगळं, समितीसकट. त्यांना ते कितपत समजलं कोण जाणे. त्या हिरड्याचे खडे वेचत ऐकत होत्या.

“मग आमी बोललो त्ये?” त्या म्हणाल्या. “त्या डबीत हुतं त्ये?”

“पुसून टाकायला लागलं.”

“समद्यांचं?”

“सगळ्यांचं.”

त्यांचा हात सुपात थांबला. त्यांनी शाळेच्या दिशेनं बघितलं. आता त्या काहीतरी बोलतील आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल, म्हणून मी मन घट्ट केलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “तवा तुज्याम्होरं निम्मं गिळलं हुतं.”

त्यांनी सूप बाजूला सारलं, हात झटकले आणि माझ्याकडे वळून बसल्या.

“बस नीट. परत सांगतो. तू पैल्यांदा आल्तीस, त्या सकाळपास्नं.”